आमची लहान गाडी आणि लांबचा प्रवास

आमच्या बाबांजवळ नॅनो नावाची गाडी आहे. ती फार लहान आहे. कामठ्यात तिला सगळे 'डब्बी' म्हणतात. बाबा राइस मिलमध्ये कामाला जातात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती एका माणसाकडून जुनी विकत घेतली. आमच्या गावाजवळ बिरसीचे विमानतळ आहे. तेथून सरावाची लहान विमाने उडतात आणि आमच्या घरावरून जातात. शेजारचे काका म्हणतात, "ते विमान लहान, हे गाडी लहान. आपल्या गावाले लहानच वस्तू भेटते बाप्पा!"

मी टेप घेऊन गाडी मोजली. लांबी ३ मीटर १० सेंटिमीटर आणि रुंदी दीड मीटर भरली. चाके बैलबंडीच्या चाकापुढे खेळण्यासारखी दिसतात. प्रत्येक चाकाला तीनच नट आहेत. काच पुसायला समोर एकच वायपर आहे. सगळ्यात गंमत म्हणजे इंजिन मागे आहे. समोरचे झाकण उघडले की आत स्टेपनी दिसते. पेट्रोल टाकायचे तोंडही समोरच्या झाकणाखालीच आहे. पंपावरचा माणूस नेहमी मागे जाऊन शोधतो. बाबा म्हणतात, "समोर या भाऊ, समोर."

ही गाडी कशी निघाली ते गुरुजींनी आम्हांला सांगितले होते. रतन टाटा यांनी एकदा पावसात एका स्कूटरवर आई, वडील आणि मुले जाताना पाहिली. अशा घरासाठी स्वस्त गाडी बनवावी असे त्यांच्या मनात आले. १० जानेवारी २००८ रोजी त्यांनी दिल्लीत ही गाडी लोकांना दाखवली. १ लाख रुपयांची गाडी म्हणून ती जगभर गाजली. मार्च २००९ मध्ये मुंबईत ती विक्रीला आली. तिचे इंजिन ६२४ सीसीचे आहे. गुजरातमधील साणंद येथे तिचा कारखाना होता. २०१८ साली ती बनवणे थांबले. रतन टाटा ऑक्टोबर २०२४ मध्ये वारले. आता नवी नॅनो मिळत नाही, म्हणून बाबा ती फार जपून वापरतात.

या गाडीने आम्ही कामठ्याहून छत्रपती संभाजीनगरला गेलो आणि परत आलो. त्याची हकिकत मी लिहीत आहे.

माझ्या ताईचा नर्सिंगच्या कॉलेजात नंबर लागला. यादी सोमवारी लागली. बुधवारी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत खरे कागद घेऊन हजर व्हायचे होते. नाही तर जागा दुसऱ्या मुलीला मिळणार होती. गोंदियाहून कोल्हापूरला महाराष्ट्र एक्सप्रेस जाते, पण संभाजीनगरसाठी मनमाडला गाडी बदलावी लागते. शिवाय तिकीट मिळाले नाही. मंगळवारी निघायचे ठरले, तर सकाळपासून धो धो पाऊस. नाल्याला पूर आला आणि रस्ता बंद झाला. ताई दिवसभर ओसरीवर बसून आभाळाकडे पाहत होती. ती जेवली नाही.

संध्याकाळी पाणी उतरले. बाबा म्हणाले, "रात्री ३ वाजता निघू. आपल्या गाडीनेच जाऊ."

आजी म्हणाली, "बाबू, एवढ्याश्या डब्बीत एवढे लांब कसे जाल गा? रस्त्यात बंद पडली त मंग?"

बाबा म्हणाले, "माय, रोज मिलवर जाते ना ते. थांबत थांबत जाईल."

आमच्या गाडीत चारच माणसे बसतात. बाबा, आई, ताई आणि मी निघालो. आजी घरी राहिली. रोवणी सुरू होती आणि बांधीवर कोणी तरी पाहिजे होते. गाडीचा मागचा दरवाजा उघडत नाही. मागच्या सीटची पाठ पाडून सामान आत टाकावे लागते. ताईची लोखंडी पेटी त्यात बसली नाही. मग कपडे दोन थैल्यांत भरले. गादी घरीच राहिली, तिच्याऐवजी आजीने वाकळ दिली. तांदळाची २० किलोची चुंगडी मात्र आजीने ऐकली नाही. "तिकडे ज्वारी-बाजरीचा मुलूख. पोरीले भात कोण देईल?" असे म्हणून ती तिने माझ्या आणि ताईच्या मध्ये ठेवायला लावली. वाकळ आमच्या मांडीवर आली. कागदांची प्लॅस्टिकची पिशवी आईने पदराखाली धरली. ती पिशवी तिने दिवसभर खाली ठेवली नाही.

आम्ही अंधारात निघालो. गोंदिया, गोरेगाव करत कोहमाऱ्याला मोठा रस्ता लागला. हा रस्ता कोलकात्याकडून येतो आणि नागपूरवरून पुढे जातो. कोहमारा ते साकोली दोन्ही बाजूंनी जंगल आहे. हे नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल. २०१३ साली तो व्याघ्र प्रकल्प झाला. बाबांनी गाडी हळू केली आणि हॉर्न वाजवला नाही. मी काचेला नाक लावून बसले होते, पण वाघ दिसला नाही. इंजिन पाठीमागे असल्यामुळे आमच्या सीटला छान ऊब येत होती. चुलीजवळ मांजर झोपते तशी मी झोपून गेले.

लाखनीच्या अलीकडे गाडी एकदम डगमगली. मागचे चाक बसले होते. त्यात बोटाएवढा खिळा घुसला होता. पाऊस भुरभुर सुरूच होता. बाबांनी गाडी एका ढाब्यासमोर कशीबशी आणली आणि समोरचे झाकण उघडले. तेथे कांद्याचा ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर उतरून आला, आत डोकावला आणि म्हणाला, "अहो दादा, इंजिन कुठं पडलं वाटंत?"

बाबा म्हणाले, "मागे आहे."

तो म्हणाला, "मग मागं चाक लावा आणि पुढं इंजिन लावा. उलटीच गाडी तुमची!"

आम्ही सगळे हसलो. ताई हसली नाही. ती घड्याळ पाहत होती. त्या ड्रायव्हर काकांनी बॅटरी धरली. तीनच नट असल्यामुळे चाक लवकर निघाले. पण स्टेपनीशिवाय पुढे जाणे बरोबर नव्हते. भंडाऱ्याला पंक्चरचे दुकान उघडेपर्यंत थांबावे लागले. वैनगंगा दुथडी भरून वाहत होती. नागपूर बाहेरून ओलांडून आम्ही शिवमडक्याला पोचलो तेव्हा सकाळचे १० वाजले होते. तेथून समृद्धी महामार्ग सुरू होतो.

समृद्धी महामार्ग नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमनेपर्यंत ७०१ किलोमीटर लांब आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा भाग सुरू होऊन पूर्ण रस्ता झाला. त्यावर मोटारसायकल आणि ऑटोरिक्षाला जाऊ देत नाहीत. मला भीती वाटली की आमच्या गाडीलाही परत पाठवतील. पण नाक्यावरच्या माणसाने काहीच म्हटले नाही. चार चाके होती म्हणून बरे!

रस्ता फार रुंद आणि सरळ आहे. मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत जाता येते. त्या सूं करून निघून जात. बाबा ७५ वर चालवत होते. मोठा ट्रक बाजूने गेला की वाऱ्याने आमची गाडी सुपातल्या धानासारखी हालत असे.

ताई म्हणाली, "बाबा, थोडी जोराने चालवा ना."

बाबा म्हणाले, "बाई, गाडी हलकी आहे, टायर लहान आहे. आपल्याले पोचाचं आहे, उडाचं नाही."

मग मी वहीच्या मागच्या पानावर गणित केले. संभाजीनगर तेथून सुमारे ४४० किलोमीटर. ४४० भागिले ७५ म्हणजे ५ तास आणि बाकी ६५ किलोमीटर. म्हणजे जवळजवळ ६ तास. १० मध्ये ६ मिळवले तर १६, म्हणजे दुपारचे ४. ताईने माझे गणित तपासले. ती म्हणाली, "बरोबर आहे. पण जास्त थांबता येणार नाही." शाळेत गणित बरोबर आले की मला आनंद होतो. त्या दिवशी भीती वाटली, कारण उत्तरात एकच तास शिल्लक होता.

आम्ही भाकरी आणि चटणी गाडीतच खाल्ली. टाकी १५ लीटरचीच, म्हणून एकदा पेट्रोलसाठी थांबलो. वर्धा, कारंजा, मेहकर, सिंदखेड राजा, जालना अशा पाट्या येत गेल्या. प्रत्येक पाटीला मी वेळ लिहिली. आमच्याकडे सगळीकडे धानाच्या बांध्या असतात. तिकडे कापूस, सोयाबीन आणि तूर होती. माती काळी होती. कोणीच बोलत नव्हते. फक्त इंजिन बोलत होते.

सव्वाचार वाजता आम्ही महामार्गावरून उतरलो. शहरात गर्दी होती. पण लहान गाडीचा तेथे उपयोग झाला. मोठी गाडी अडकली असती तेथून बाबांनी आमची गाडी काढली. ४ वाजून ४० मिनिटांनी आम्ही कॉलेजच्या दारात होतो. आईने पदराखालची पिशवी ताईच्या हातात दिली. एकही कागद ओला झाला नव्हता. ताई आत पळत गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पावती होती. बाबा गाडीला टेकून उभे होते. त्यांनी पावती वाचली, परत वाचली आणि गाडीच्या टपावर दोनदा हात थोपटला, बैलाची पाठ थोपटतात तसा.

वसतिगृहाच्या बाई तांदळाची चुंगडी पाहून हसल्या. पण त्यांनी ती ठेवून घेतली. वाकळ ताईच्या पलंगावर गेली. आजपर्यंत मी आणि ताई एकाच खाटेवर झोपत होतो. तेथे तिचा पलंग वेगळा होता आणि त्याला नंबर होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. जाताना मला पाय पसरायला जागा नव्हती. चुंगडी टोचत होती, ताईचे कोपर लागत होते. येताना पूर्ण मागची सीट मला एकटीला होती. मी आडवी झाले, पण झोप आली नाही.

आता घाई नव्हती. म्हणून बाबांनी गाडी सिंदखेड राजाला वळवली. आपल्या चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. त्यांच्या मातोश्री जिजाबाई यांचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी येथे झाला. लखुजीराव जाधव हे त्यांचे वडील. त्यांच्या वाड्याचा दरवाजा खूप उंच आहे. पुस्तकातले गाव खरोखर पायाखाली आहे, याचे मला नवल वाटले. आई खूप वेळ तेथे उभी होती. मग म्हणाली, "जिजाऊ पण येथूनच गेली होती ना, माहेर सोडून. तिच्या मायले कसे वाटले असेल?" मी म्हटले, "ते पुस्तकात नाही." आईने माझा हात धरला. तेथून पुढे ती समोर बसली नाही, माझ्याजवळ मागे बसली. घर येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो.

शाळेत आल्यावर मी ही गोष्ट गुरुजींना सांगितली. ते म्हणाले की २०१० साली व्हेनेसा एबल नावाच्या एका इंग्रज लेखिकेने पिवळी नॅनो घेऊन मुंबईहून भारताची फेरी मारली होती. ती १०,००० किलोमीटर फिरली आणि त्यावर तिने पुस्तक लिहिले. तिने गाडीचे नाव 'अभिलाषा' ठेवले होते. आमचे जाऊन येऊन सुमारे १३०० किलोमीटर झाले आणि ६० लीटर पेट्रोल लागले. म्हणजे एका लीटरला २१ किलोमीटरहून जास्त. आम्ही पुस्तक लिहिले नाही, म्हणून मी भित्तिपत्रकात लिहिले. आमच्या गाडीचे नाव अजून डब्बीच आहे. पण आता आजी शेजाऱ्यांना सांगते, "आमची डब्बी संभाजीनगर पाहून आली."

ताईचा फोन रविवारी येतो. तिने सांगितले की तिला इंजेक्शनची भीती वाटत होती, आता वाटत नाही. ती दिवाळीला येणार आहे. तेव्हा रेल्वेचे तिकीट आधीच काढून ठेवणार आहेत. तरी गोंदिया स्टेशनवर तिला आणायला आमची डब्बीच जाईल.

मित्रांनो, तुम्ही लांब जाल तेव्हा स्टेपनीची हवा आधी पाहा. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. किती वेळ लागेल याचे गणित करा आणि त्यात पंक्चरचा एक तास मिळवा. आणि येथे आलेल्या पालकांना माझी विनंती आहे की, मुलीचा नंबर लांब लागला तर गाडी लहान आहे म्हणून थांबू नका.

— इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, कामठा