तहान शिकलेलं पीठ

मक्याचं पिष्ट चिमटीत दाबलं की हलकंसं करकरतं. पानापानांनी झेललेलं ऊन, मुळांनी ओढलेलं पाणी, कणसात मुरलेला अख्खा पावसाळा त्या पांढऱ्या भुकटीत गप्प बसलेला असतो. ग्लुकोजला ग्लुकोज जोडत विणलेल्या साखळ्या, काही सरळ, काही फांद्या फुटलेल्या, कणाकणात घट्ट दुमडून ठेवलेल्या. गार पाण्यात ते नुसतं तळाशी जाऊन बसतं. कुरडयांचा गव्हाचा चीक, तोही पिष्टच, शिजायला लागला, की मात्र कण फुगतात, दुधी पांढरेपण निवळत जातं, आणि ढवळणाऱ्या हाताला एकदम जडपणा जाणवतो.

पिष्टाला पाण्याची ओढ असते. पण ती जागी व्हायला आच लागते.

अमेरिकेत, इलिनॉयच्या मकाळ मुलखात, पिओरिया इथल्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात ही ओढ अनावर केली गेली. सेरियमच्या क्षारानं साखळीला ठिकठिकाणी जाग आणायची आणि तिथं अ‍ॅक्रिलोनायट्राइलचं कलम बांधायचं. ते येतं खनिज तेलातून, म्हणजे यंदाच्या उन्हावर कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऊन डकवायचं. मग अल्कलीत तापवताना अमोनियाचा दर्प उठतो, लगदा तांबडालाल होतो, आणि हळूहळू ती लाली उतरून फिकट पिवळेपण उरतं. वाळवून केलेली पूड स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिते. तिला नाव पडलं 'सुपर स्लर्पर'.

मला भुरळ पडते ती या तहानेच्या कारणाची. कलमाच्या फांदीवर ओळीनं ऋणभार बसलेले असतात. ते एकमेकांना दूर लोटतात, साखळ्या उलगडतात, मधे पोकळी होते, त्या पोकळीत पाणी शिरतं आणि जाळ्यात अडकून राहतं. पाण्यात मीठ असलं, की हे लोटणं मंदावतं, साखळ्या आखडतात, तहानही आटते. इतकं पाणी सामावतं ते जवळिकीमुळे नव्हे.

अंतरामुळे.

पुढे ही पूड बियाण्यांवर लेपली गेली, ओल धरून ठेवावी म्हणून. असा दाणा पेरला, की त्याच्यापाशी दोन पिष्टं असतात. बाहेरचं पाण्याला घट्ट कवटाळतं. आतलं त्याच पाण्याच्या स्पर्शानं मोडू लागतं, साखळी सुटते, साखर होते, कोंबाच्या मुखी लागते. धरून ठेवणं एकाला प्रयोगशाळेत शिकवावं लागलं. सरून जाणं दुसऱ्याला कुणी शिकवलं नाही.