शेवयांची कोशिंबीर

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. दहा वर्षं मराठी हा विषय मी फक्त पास होण्यापुरता केला आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मला अजूनही केटी आहे. (खाली जे काही शुद्ध दिसेल ते संपादकांच्या लाल पेनाचं पुण्य!) त्यात विषय निघाला खाण्याचा. म्हणजे बॉईज हॉस्टेलवाले पान उलटणार. मित्रहो, उलटू नका. तुमच्यापैकी ज्यांच्या खोलीत परवाच्या भाताचं पातेलं अजून कॉटखाली आहे, त्यांच्यासाठी तर हे वाचणं कंपल्सरी आहे.

तर गोष्ट थंड पास्ता सॅलडची.

आमच्या शाळेत एक इटालियन सिस्टर होत्या. वय ऐंशीच्या पुढे. भारतात येऊन पन्नास वर्षं होऊन गेली होती, हिंदी अगदी टॅक्सीवाल्यासारखं बोलायच्या. आम्ही मुली त्यांना 'नोन्ना' म्हणायचो, म्हणजे आजी. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की कॉयरच्या आम्हा मुलींना त्या कॉन्व्हेंटच्या मागच्या व्हरांड्यात बसवायच्या आणि भल्या मोठ्या काचेच्या बाउलमधून 'इन्सालाता दी पास्ता' वाढायच्या. गार पास्ता, टोमॅटो, काबुली चणे, थोडे ऑलिव्ह, हिरवी पानं. ना सॉस, ना वाफ. पहिल्यांदा मला वाटलं, गरम करायला विसरल्या!

मग त्यांनी सांगितलं की इटलीतही पंधरा ऑगस्टला सुट्टी असते. त्या दिवसाला 'फेरागोस्तो' म्हणतात. इसवी सनापूर्वी १८ मध्ये सम्राट ऑगस्टसने सुरू केलेल्या सणाचं ते नाव, आणि त्याच दिवशी चर्चमध्ये मदर मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण. भर उन्हाळा असतो. अर्धा देश समुद्रावर नाहीतर डोंगरात जातो आणि बरोबर डबे असतात ते या गार पास्त्याचे, नाहीतर गार भाताचे. "सकाळी करून ठेवायचं," नोन्ना म्हणायच्या, "मग आईसुद्धा समुद्रावर येते."

हे वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं होतं.

माझी आई कधी समुद्रावर आली नाही. म्हणजे आम्ही जुहूला जायचो, तसं नाही. पण घरी पाहुणे असले की ती पंगतीत नसायची. पुऱ्या कढईतून थेट ताटात पडल्या पाहिजेत, पोळी तव्यावरून यायला पाहिजे, हा आमच्या घरचा कायदा. बाबा, काका, आत्या, आम्ही पोरं गरमगरम खाणार आणि आई सगळ्यात शेवटी ओट्यापाशी उभ्याने उरलेल्या चार थंड पुऱ्या खाणार. वीस वर्षांत माझ्या एकाही वाढदिवसाच्या फोटोत आई जेवताना नाही. मी हे हॉस्टेलला येईपर्यंत कधी नोटिससुद्धा केलं नव्हतं.

इथे आले तर तेच सगळं मेसमध्ये. आपल्या मेसच्या मावशी दर पंधरा ऑगस्टला सकाळी कढईसमोर उभ्या राहतात. साठ मुली, प्रत्येकी किमान पाच पुऱ्या. तीनशेचा हिशोब झाला. मागच्या वर्षी आम्ही जिलेबी खाऊन, फोटो काढून, खोलीत जाऊन झोपून उठलो तेव्हा मावशी खरकट्या टेबलाशी एकट्या जेवत होत्या. अडीच वाजले होते.

या वर्षी मी मेस सेक्रेटरी झाले आणि ठरवलं, पंधरा ऑगस्टला पुऱ्या बंद! छोले, पाव, दुकानातली जिलेबी आणि गार पास्ता. सगळं आधी करून टेबलावर मांडायचं, आपापलं घ्यायचं, आणि मावशींनी आमच्याबरोबर बसायचं. जनरल बॉडी मीटिंगमध्ये जो गोंधळ झाला तो विचारू नका. "पंधरा ऑगस्टला पुरी नाही म्हणजे काय?" "कॉन्व्हेंटवालीचे चोचले!" माझी रूमपार्टनर मात्र शांतपणे म्हणाली, "गेल्या वर्षीचा गोळा विसरलात का?"

गोळ्याबद्दल सांगणं भाग आहे. फ्रेशर्स पार्टीला मी आधी एकदा हा प्रयोग केला होता. बाजारातून सुटा, स्वस्तातला पास्ता आणला. छोट्या पातेल्यात कोंबून शिजवला. गरम असतानाच स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावलं. संध्याकाळी डबा उपडा केला तर डब्याच्याच आकाराचा एक ठोकळा बाहेर आला. सिव्हिलच्या मुलींनी त्याची कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ काढायची ऑफर दिली.

त्या ठोकळ्यावर मी नंतर बराच विचार केला. (केमिकलला आहे, तेवढं तर करायलाच हवं.) पास्ता शिजताना त्यातला स्टार्च फुगतो आणि थोडा पाण्यात उतरतो. पाणी कमी असेल तर ते खळीसारखं घट्ट होतं आणि पास्त्याला लेप बसतो. थंड होताना तोच लेप गोंदाचं काम करतो. म्हणून इटालियन हिशोब असा की १०० ग्राम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्राम मीठ. एक, दहा, शंभर, लक्षात ठेवायला सोपं. दुसरी चूक पास्त्याचीच होती. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असावा लागतो. मैद्याचा पास्ता लवकर लिबलिबीत होतो. पाकिटावर 'ड्युरम व्हीट सेमोलिना' लिहिलंय का ते बघून घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. गरम पास्ता नोन्ना कधीच धुवायच्या नाहीत, कारण सॉस चिकटायला तो स्टार्च लागतो. सॅलडच्या पास्त्यावर मात्र त्या गार पाणी ओतायच्या, मग पसरून तेलाचा हात लावायच्या.

मेसच्या ओट्यावर मी पाकिटं मांडली तेव्हा मावशींनी एक पीळदार तुकडा उचलला, दाताखाली मोडला, आतला पिवळेपणा पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यो तर बन्सीचा रवा हाय." मी हसले. नंतर शोधलं तर खरंच! आपला बन्सी गहू म्हणजे ड्युरमच. आणि मी जो 'एक, दहा, शंभर' मोठ्या ऐटीत समजावत होते, त्यावर त्या म्हणाल्या, "शेवया उकडताना बी पानी जास्तच लागतं की. आन मग वरनं गार पानी. तवाच सुट्ट्या ऱ्हात्यात." म्हणजे माझं वर्षभराचं रिसर्च त्यांना लग्नाआधीपासून माहीत होतं.

आता मूळ प्रसंग. एकूण तीन किलो पास्ता होता. चौदा तारखेच्या संध्याकाळी दोन किलो शिजवला, एक किलो सकाळसाठी ठेवला, कारण तेवढं मोठं दुसरं पातेलं नव्हतं. शिजवलेला पास्ता मेसच्या फ्रीजमध्ये ठेवला आणि मी निवांत झोपले. रात्री कधीतरी जोराचा पाऊस आला आणि लाइट गेली. सकाळी सहाला मी खाली आले तेव्हा फ्रीजमधला दिवा लागत नव्हता आणि डब्याची कड हाताला कोमट लागत होती. वॉचमनकाका म्हणाले, "दहाच्या आसपासच गेली होती की." म्हणजे आठ तास.

वास घेतला. काही नाही. चव घ्यायचा मोह झाला, घेतली नाही.

इथे कॉटखालच्या पातेलेवाल्यांनी लक्ष द्यावं. २००८ साली ब्रसेल्समध्ये वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेर राहिलेलं स्पॅगेटी गरम करून खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही. डॉक्टरांनी ही केस २०११ मध्ये प्रसिद्ध केली. बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू होता. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत आणि अन्न कोमट राहिलं की वाढायला लागतात. त्याने सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आमचं आठ तासांचं होतं, पाच दिवसांचं नाही, हे मलाही कळत होतं. पण शिजवलेलं ओलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असा नियम आहे. आणि खाणाऱ्या साठ जणी होत्या. मी सेक्रेटरी होते. आणि वय माझंही वीसच.

मी डबे उचलले आणि मागच्या खड्ड्याकडे निघाले. मावशी आडव्या आल्या.

"काय गं? नासलंय व्हय?"

"नाही मावशी. पण टाकायला हवं."

"नासलं न्हाई आन टाकतीस? शिळी भाकरी खाऊन आमच्याकडं कुनी मेलं न्हाई."

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की भाकरी कोरडी असते, हे ओलं आहे; लाइट गेली होती; जिवाणू, विष, ब्रसेल्स... माझं मराठी अशा वेळी नेमकं संपतं. बीजाणूला काय म्हणतात तेच आठवेना. त्या म्हणाल्या, "मग कुत्र्यास्नी तरी घाल." मी नाही म्हटलं. त्यांनी मान वळवली आणि आत निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "आन्न टाकनारी पोर."

दोन किलो पास्ता शिजल्यावर चारेक किलो होतो. तो खड्ड्यात ओतताना कसं वाटतं ते इथे लिहून उपयोग नाही. वर्गणीचे पैसे होते, आणि मावशी खिडकीतून बघत होत्या.

उरला एक किलो. साठ जणींना पुरणार नाही. झेंडावंदन साडेसातला, दुकानं बंद. मी ओट्याशी येऊन पाणी तापत ठेवलं. कोणी काही बोलत नव्हतं. थोड्या वेळाने माझ्यासमोर एक मोठं भगुलं आदळलं. आत उकडलेले काबुली चणे होते, छोल्यांसाठी पहाटे उकडलेले. "ह्यातलं चार वाट्या घे," मावशी म्हणाल्या. "आन काकडी मी कोचवते. तुला येत न्हाई."

खरंच येत नाही. शिवाय त्यांनी काकडीला मीठ लावून ती पिळून घेतली, कारण नाहीतर पाणी सुटून सगळं सॅलड तळ्यात बसतं. टोमॅटोच्या बिया काढायच्या त्या यासाठीच. नोन्नाही चणे घालायच्या, इटलीत पास्ता आणि चणे ही जुनी जोडी आहे, त्यामुळे तडजोड म्हणायलाही जागा नव्हती.

बाकीचं पटकन सांगते. पास्ता गार पाण्याखाली धुतला आणि धुतलेल्या परातींमध्ये पंख्याखाली पसरला. तेल आणि आंबट तीनास एक. ऑलिव्ह तेल छोट्या बाटलीभरच होतं, उरलेलं साधं रिफाइंड. व्हिनेगर संपल्यावर लिंबू. ठेचलेला लसूण, मिरी. ऑलिव्ह एकच बाटली, त्यामुळे काहींच्या वाट्याला आली, काहींच्या नाही, यावरून अजून टोमणे मिळतात. हिरवी पानं सब्ज्याची. सब्जा म्हणजे बेसिलचंच बी. जुलैत फुटक्या बादलीत पेरलं होतं. वास नोन्नांच्या पानांइतका गोड नाही, तुळशीकडे झुकतो. अर्धं ड्रेसिंग पास्ता कोमट असताना घातलं, अर्धं वाढायच्या आधी, कारण मधल्या वेळात पास्ता सगळं पिऊन टाकतो. दहाला सगळं टेबलावर होतं. बर्फगार नव्हतं. नोन्नाही म्हणायच्याच, फ्रीजमधून काढून लगेच खाऊ नका, चव झोपलेली असते.

अकराला पंगत बसली. मावशी परात घेऊन वाढायला निघाल्या. माझ्या रूमपार्टनरने परात काढून घेतली. दुसरीने खुर्ची सरकवली. मावशी "बसते की, बसते की" करत दोनदा किचनच्या दारापर्यंत जाऊन आल्या. गॅस बंद आहे का ते बघायला गेल्या, मग दुधाचं भांडं झाकायला. शेवटी बसल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर, पदर खोचलेलाच, उठायच्या तयारीत.

सगळ्या त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी चमच्याने एक पीळ, दोन चणे, थोडी काकडी उचलली. सावकाश चावली.

"शेवयांची कोशिंबीर हाय ही," त्या म्हणाल्या. टेबलावर हशा पिकला. मग माझ्याकडे वळून, "मीठ कमी पडलंय."

बरोबर होतं. थंड पदार्थात मीठ कमी जाणवतं म्हणून चिमूटभर जास्त घालावं लागतं. मला ते माहीत होतं आणि गडबडीत विसरले होते. मी उठायच्या आत मावशीच उठल्या आणि किचनमध्ये गेल्या. आता या काही परत येत नाहीत, तिथे त्यांना शंभर कामं दिसतील, असं वाटून मी चमचा खाली ठेवला.

त्या मिठाची वाटी घेऊन आल्या, आपल्या ताटात घातलं, माझ्या ताटात घातलं, वाटी पुढे सरकवली आणि खुर्ची आत ओढून नीट बसल्या.