खडू, सुतळी आणि दहाचं नाणं

जिल्हा परिषदेच्या शाळेत पत्त्यांचा कॅट घेऊन जाता येत नाही. पालकांच्या लेखी पत्ते म्हणजे पारामागचा जुगार, आणि त्यांचं चुकीचंही नाही. पत्त्यांपायी जमिनी गेलेली घरं आमच्या पंचक्रोशीत आहेत. शिवाय तिसरीतल्या पोराला इस्पिक आणि किलवर यांतला फरक ठाऊक नसतो. त्याने मनात धरलेलं पान ओळखून दाखवलं, तर त्याला त्याचं कसलं नवल? त्यामुळे वर्गासाठी जादू शिकायची असं ठरवलं तेव्हाच पत्ते बाद केले. मला हवी होती ती अवचित करता येणारी जादू. पिशवी नको, पेटी नको. टेबलावरचा खडू, खिडकीला बांधलेली सुतळी, एखाद्या मुलीच्या केसातलं रबर घ्यायचं आणि सुरू करायचं.

हे शिकवणारं काही मिळेना. आईने पुण्याला जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहिले होते, ती ते अजून रंगवून सांगते. पण ती रंगमंचावरची जादू, दिव्यांची आणि पडद्यांची. नाशिकच्या दुकानांत जी मराठी पुस्तकं हाती लागली, त्यांत निम्मे प्रयोग दुहेरी तळाच्या डब्यांचे आणि उरलेले पत्त्यांचे. मोबाइलवर व्हिडिओ पुष्कळ, पण ते एकाच कोनातून घेतलेले. माझ्या वर्गात चाळीस डोळे चार बाजूंनी बघतात, आणि पुढच्या रांगेतली पोरं तर खालून वर बघतात. कॅमेऱ्याला फसवणारा हात त्यांच्यापुढे टिकत नाही.

अमेरिकेतल्या मावसभावाने मार्टिन गार्डनर यांचा अवचित जादूचा कोश आणून दिला आणि वाट सापडली. १९७८ साली निघालेला हा जाडजूड ग्रंथ वस्तूंच्या नावांनी, वर्णानुक्रमे लावलेला आहे. मला ही मांडणीच फार मोलाची वाटते. इतर पुस्तकं आधी प्रयोग सांगतात आणि मग सामान जमवायला लावतात. इथे उलट. हातात पेन्सिल आहे? मग पेन्सिलचं पान उघडा. मी एक वही केली आणि आमच्या वर्गात रोज असतात त्या वस्तूंची यादी त्यात लिहिली: खडू, डस्टर, पट्टी, दोरा, रबर, नाणं, चिंचोके, खिचडीचा चमचा. यादीत नसलेल्या वस्तूंचे प्रयोग मी वाचलेसुद्धा नाहीत.

नाण्यांसाठी जे. बी. बोबो यांचं १९५२ सालचं पुस्तक सगळेच सुचवतात, आणि ते सुचवावं असंच आहे. पण त्यातले हात अमेरिकन अर्ध्या डॉलरवर बसवलेले आहेत. ते नाणं सुमारे साडेतीस मिलिमीटर व्यासाचं आणि अकरा ग्रॅमच्या वर वजनाचं. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. पुस्तक तळहातात नाणं लपवायला सांगतं ते अंगठ्याच्या मांसल उंचवट्याच्या आणि समोरच्या कडेच्या चिमटीत. आजीच्या डब्यातला राणीछाप चांदीचा रुपया काढून पाहिला. तो भरतो एक तोळा, म्हणजे साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त, आणि आकाराने जवळजवळ अर्ध्या डॉलरएवढा. पुस्तकातला शब्द न् शब्द त्या रुपयावर खरा उतरला. मात्र माझ्या हाताला तो मोठा पडतो, बोटं ताठ राहतात आणि ताठ बोटं लगेच नजरेत भरतात. दहाचं नाणं तिथे सहज बसतं. लहान हाताच्या बाईने मोठ्या नाण्याच्या मागे लागू नये, असं मी आता शिकणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

ही पुस्तकं ज्यांच्यासाठी लिहिली त्यांच्या अंगात कोट आहे, कोटाला बाह्या आणि खिसे आहेत, समोर टेबल आहे आणि प्रेक्षक टेबलाच्या पलीकडे खुर्चीत. मी साडी नेसते आणि मुलं सतरंजीवर बसतात. मिठाची बाटली कागदात गुंडाळून टेबलातून आरपार घालवण्याचा तो प्रसिद्ध प्रयोग किती सुंदर आहे! पण बसणाऱ्याच्या मांडीवर टेबलाची आडकाठी नसेल तर तो उभाच राहत नाही. म्हणून मी एक कसोटी ठेवली: प्रयोग संपल्यावर दोन्ही हात रिकामे दाखवता आले पाहिजेत, खिशाविना आणि टेबलाविना. या चाळणीतून फार थोडं खाली उतरलं. हरकत नव्हती. थोडंच हवं होतं.

जमिनीवर बसून, चहूबाजूंनी लोक असताना जादू कशी करायची, हे मला शेवटी आठवडी बाजारातल्या एका वयस्क गारुड्याने शिकवलं. आपल्याकडच्या वाट्या-गोळ्यांचा खेळ मुळातच उकिडवं बसून करायचा. वाट्या लाकडाच्या, उथळ, आणि डोक्यावर गोल बोंड असलेल्या. ते बोंड दोन बोटांत धरून वाटी उचलतात, म्हणजे उरलेली बोटं मोकळी. टेबल नसणं ही अडचण आहे, हे त्यांच्या गावीच नव्हतं. मी माझा खडूचा प्रयोग त्यांना करून दाखवला. ते म्हणाले, "बाई, तुमी हाताकडं बगता. म्हून लेकरंबी हाताकडं बगत्यात. खडू ज्या मुठीत गेला म्हनता, तिच्याकडं बगा. तुमचा इस्वास बसला तर त्यांचा बसंल." मी त्यांना म्हटलं, "बाबा, हे कुठल्याच पुस्तकात इतकं सरळ लिहिलेलं नाही." परतल्यावर बोबो पुन्हा वाचलं, तर नजरेबद्दलच्या सूचना तिथे होत्याच. बाबांनी सांगितल्यानंतर मात्र त्या दिसू लागल्या. आता कोणतंही पुस्तक, कोणताही व्हिडिओ मी यावरून जोखते: हा माणूस फक्त नाणं कुठे जातं ते सांगतो, की बघणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय असतं तेही सांगतो? पहिल्या प्रकारचं साहित्य ढीगभर आहे. दुसऱ्या प्रकारचं एखादं पान मिळालं तरी मी ते उतरवून ठेवते.

हे दुसऱ्या प्रकारचं शिक्षण डोळ्यांनी घ्यायचं असेल तर टोनी स्लायडिनी यांचं जुनं चित्रण पाहावं. इटलीत जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे हे जादूगार एका प्रेक्षकाला खुर्चीवर बसवतात आणि त्याच्यासमोर कागदाचे गोळे एकामागून एक नाहीसे करतात. गोळे जातात कुठे, हे सभागृहातल्या प्रत्येकाला दिसत असतं. दिसत नाही ते फक्त खुर्चीवरच्या माणसाला. हा प्रयोग मी वर्गात आणला तो मागे बसणाऱ्या, कधीच हात वर न करणाऱ्या मुलांसाठी. केंद्रप्रमुख साहेब भेटीला आले होते, त्यांनाच खुर्चीवर बसण्याची विनंती केली. साहेब आनंदाने बसले. गोळा गेला आणि सगळा वर्ग खदखदला, कारण मोठ्या साहेबांना जे कळत नाही ते आज त्यांना कळत होतं. जादूत प्रेक्षकाला असा मान देता येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

गार्डनर यांच्याकडूनच मी पुन्हा नाशिकला पोहोचले. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांवर त्यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'च्या आपल्या सदरात लिहिलं, आणि कापरेकरांचं नाव जगभर गेलं. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. मुलं बहुधा १९४७ घेतात: ९७४१ वजा १४७९, म्हणजे ८२६२. पुढे ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, आणि मग ६१७४. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी केल्यावर ६१७४ येतेच, आणि मग ती हलत नाही. मी आधीच चिठ्ठीवर ६१७४ लिहून चिठ्ठी डस्टरखाली ठेवते आणि चार मुलांना चार संख्या निवडायला लावते. हातचलाखी शून्य. मुलं वजाबाकी मात्र जीव ओतून करतात, कारण एक हातचा चुकला तर जादू फसते.

"बाई, तुम्हाला मंतर येतो?" हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि त्याचं उत्तर मी कधी टाळत नाही. नाणं लपवण्याची जी पकड मी शिकले, तीच वापरून राखेची गोळी बोटांत लपवून विभूती काढणारे बाबा आमच्या भागात येऊन गेले आहेत. १५८४ साली इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट यांनी चेटकिणी ठरवून बायकांचा छळ करण्याविरुद्ध एक पुस्तक लिहिलं आणि त्यात नाण्यांचे, गोळ्यांचे, दोऱ्यांचे खेळ कसे करतात ते उघड केलं. पत्ते सोडून काय शिकावं, असं विचारणाऱ्याला आजही त्या प्रकरणांतलं बरंच काही उपयोगी पडेल. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांचे प्रयोग करून त्यांमागचं कारण सांगतात, ते हेच काम. त्यांचा कार्यक्रम गावात असेल तर शिकणाऱ्याने पुढच्या रांगेत जाऊन बसावं. करून दाखवणारा आणि समजावून सांगणारा एकच माणूस, असं दुसरीकडे क्वचित मिळतं.

सध्या मी स्कॉट यांच्याच पुस्तकातला मण्यांचा प्रयोग बसवते आहे. दोन दोऱ्यांत मणी ओवायचे, टोकं दोघांच्या हातात द्यायची, आणि दोऱ्या ओढल्या की मणी सुटून ओंजळीत पडतात, दोऱ्या अखंड. जूनच्या पालकसभेत तो करणार आहे. एरवी मी प्रयोगाचं गुपित फोडत नाही, मुलांनी कितीही गळ घातली तरी. हा एक मात्र फोडणार आहे, आणि दोऱ्या-मणी आयांच्या हातात देऊन त्यांच्याकडूनच पुन्हा करून घेणार आहे.