पालकाची सही

खोटे कशाला सांगू? उभ्या आयुष्यात मी एकदाच खोटी सही केली, आणि त्या सहीच्या जोरावर पुढे ३६ वर्षे सरकारचा पगार खाल्ला. २०१८ साली निवृत्त झाले, निवृत्तिवेतन सुरू झाले, तेव्हा आता कबुली द्यायला हरकत नाही असे वाटते. शिवाय ज्यांच्या नावाने ती सही केली ते माझे बाबाही आता नाहीत; आणि असते तरी त्यांनी माझ्यावर फिर्याद केली नसती, हे पुढे कळेलच.

आमचे गाव शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला. मुंबईकर वाचकांना शहापूर माहीत नसेल, पण शहापूरचे पाणी त्यांच्या ओळखीचे आहे. तानसा नि भातसा ही दोन्ही धरणे आमच्याकडची. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आहे. आमच्या कित्येक पाड्यांवर मात्र एप्रिल उजाडला की बायका हंडा घेऊन टँकरची वाट बघत बसतात. आम्ही दुसऱ्यांना पाणी पाजण्यात वाकबगार! पुढे मी जो धंदा पत्करला तोही त्यातलाच, असे माझा भाऊ म्हणतो. तो असे का म्हणतो, तेही सांगते.

१९७६ साली मी दहावी झाले. गावात दहावी झालेली मी दुसरीच मुलगी. पुढे काय, हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नव्हता, कारण उत्तर ठरलेले होते. पावसाळ्यात आवणी, दिवाळीपर्यंत कापणी, आणि त्यानंतरच्या एखाद्या मुहूर्तावर लग्न. मीही त्यात फारसे वावगे मानले नसते. पण १९७७ च्या श्रावणात माझी काकू बाळंतपणाला अडली. सुईण म्हातारी, अनुभवी. तिने रात्रभर आपले सगळे उपाय केले. पहाटे चौघांनी काकूला डोलीत घातले नि शहापूरची वाट धरली. मी कंदील घेऊन पुढे होते. ओढ्याला पूर आलेला. पाणी उतरेपर्यंत आम्ही काठावर बसलो. आणि पाणी उतरले तेव्हा पलीकडे जाण्याचे कारण उरले नव्हते. काकू माझ्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठी होती.

त्या काठावर सारखे एकच मनात येत होते, की मला काहीच येत नाही. भूमितीचा सिद्धान्त येतो, इतिहासातल्या सनावळ्या येतात, आणि समोर माणूस जाते आहे तर हात कुठे धरावा हे येत नाही.

पुढच्या वर्षी शाळेतल्या बाईंनी मला एक जाहिरात दाखवली. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाची परिचर्या शाळा. साडेतीन वर्षांचे शिक्षण. राहायला वसतिगृह, वर विद्यावेतन. तेव्हा मॅट्रिकवर हा प्रवेश मिळे. मी पोस्टाने अर्ज मागवला. चार पानी अर्ज, नि शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ : 'पालकाची संमती व सही'.

घरात विषय काढला तो जेवताना. बाबांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, "परक्या पुरुषांची अंगं पुसायची? रात्रीचं बाहेर राहायचं? आणि मग तुला करील कोण?" बाबा दुष्ट नव्हते. चार इयत्ता शिकलेले, पंढरीची वारी करणारे साधे शेतकरी. त्या काळी शहरातल्या सुशिक्षित घरांतही 'नर्स' म्हटले की सोयरिकीच्या बैठकीत भुवया वर जात. मग आमच्या खेड्याला काय बोल लावायचा?

पुढे शिकायला लागल्यावर समजले की ही भुवई फार जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलसारख्या श्रीमंत घरच्या मुलीलाही आईवडिलांनी वर्षानुवर्षे अडवून धरले होते. १८५१ साली जर्मनीत जाऊन तिने थोडे शिक्षण घेतले तेव्हा ती ३१ वर्षांची होती. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि विधवा बायकांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवले. तेव्हाही पुण्यात कुजबुज झालीच. आणि आमच्या जिल्ह्यातल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी? १८८३ साली त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेस निघाल्या, तेव्हा लोकांनी काय काय म्हटले असेल! निदान त्यांच्या पाठीशी नवरा होता. माझ्या पाठीशी एक शाईचे पेन होते.

मी सही केली. मध्यरात्री, कंदिलाच्या उजेडात, बाबांच्या सोसायटीच्या कागदावरची सही समोर ठेवून. दहा वेळा गिरवली आणि अकराव्यांदा अर्जावर उतरवली. हुबेहूब साधली असे वाटले. अर्ज पोस्टात टाकला नि दीड महिना देवाला नमस्कार करतानासुद्धा त्याच्याकडे सरळ बघितले नाही.

मुलाखतीचे पत्र आले ते नेमके बाबांच्या हातात. ओट्यावर बसून, एकेक अक्षर लावत त्यांनी ते पुरते वाचले. मी आत चुलीपुढे. हातातली भाकरी करपली तरी उलटायचे भान नाही. बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी धोतर नि टोपी धुऊन वाळत घातली, आणि संध्याकाळी नुसते म्हणाले, "उद्या सकालची गाडी हाय. लवकर ऊठ."

आसनगाव स्टेशनपासून मुंबईपर्यंत आम्ही समोरासमोर बसलो होतो. तीन वाक्ये बोललो असू. मुलाखत बरी झाली. मग एका कारकुनाने बाबांना बोलावून करारपत्र पुढे केले. बाबांनी फार वेळ घेऊन सही केली. कारकुनाने ती पाहिली, माझा अर्ज काढला, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून बघत विचारले, "ही सही तुमचीच का?"

माझ्या पायांखालची फरशी हलली. बाबांनी दोन्ही कागद हातात घेतले, नीट पाहिले, आणि शांतपणे म्हणाले, "दोन्ही माझ्याच. ती केली तेव्हा चष्मा नव्हता."

बाबांना चष्मा त्या दिवशीही नव्हता. पुढेही कित्येक वर्षे नव्हता. कारकुनाने त्यांच्या उघड्या डोळ्यांकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि शिक्का मारला. देव त्याचे भले करो.

परतीच्या गाडीत कल्याण गेले तसे बाबा म्हणाले, "माझ्या नावात त्यो रफार हाय ना, त्यो मी कधीच देत नाय. मास्तरांनी लय मारला, तरी नाय जमला. तू दिलास." एवढे बोलून ते खिडकीबाहेर बघू लागले. म्हणजे मी पकडले गेले ते सही चुकली म्हणून नव्हे. ती बाबांपेक्षा शुद्ध साधली म्हणून!

आता गेल्या फेब्रुवारीकडे येते. माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी, बारावी विज्ञानाला होती. एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आत्या, मला बी.एस्सी. नर्सिंगला जायचंय. बाबा नाही म्हणतात."

माझ्या वेळी चार पानांत काम भागले. तिच्या वेळी कागदांची पिशवी लागली. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र नि इंग्रजी हवेच. वर राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, तिचा अर्ज संगणकावर. मग अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, शाळा सोडल्याचा दाखला, आणि सगळ्यांत चिवट म्हणजे जात पडताळणीचे प्रमाणपत्र. ज्यांच्या घरी अशी मुलगी आहे त्यांना एक अनुभवाचा सल्ला देते : पडताळणीचा अर्ज अकरावीतच घालावा. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांच्या डोळ्यांतले पाणी मी पाहिले आहे. आणखी एक. 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशा पाट्यांना भुलू नये. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्राची परिषद यांची मान्यता आहे की नाही, हे आधी बघावे. परिषदेच्या नोंदवहीत नाव चढल्याशिवाय कोणी परिचारिका होत नाही. विज्ञान नसले तरी बारावीवर तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा दोन वर्षांचा ए.एन.एम. आहे, त्यात कमीपणा काही नाही. आमच्या पाड्यांवर ज्यांची पावले पोचतात त्या बहुतेक ए.एन.एम.च असतात.

हे सगळे भाचीने आधीच शोधून ठेवले होते. तिची अडचण निराळीच. अर्ज भरताना मोबाइलवर ओटीपी येतो. आणि त्यांच्या घरात बँकेला, आधारला, शाळेला, सगळीकडे नंबर एकच, तो बापाचा. ती हळूच म्हणाली, "तुझा नंबर घालू का?"

मला हसू आले नि धस्सही झाले. काळ बदलला, सहीचा ओटीपी झाला, पण मुलीच्या अर्जाची किल्ली अजून बापाच्याच खिशात! मी म्हटले, "नको बाळ. माझा बाप चष्म्याची थाप मारून मोकळा झाला. तुझा बाप शाळामास्तर आहे. तो थाप मारायचा नाही नि तुलाही मारू द्यायचा नाही. मी बोलते त्याच्याशी."

रात्री भावाकडे गेले. वाटले होते, जुनाच वाद असेल. लग्न, रात्रपाळी, लोक काय म्हणतील. त्याची उत्तरे माझ्याकडे पाठ होती. भावाने त्यातले एकही कारण काढले नाही. तो म्हणाला, "ताई, लोकांचं सोड. तिनं शिक्षिका व्हावं. दिवाळीची सुटी, मे महिन्याची सुटी. माणूस घरात दिसतं तरी. तू कितव्या दिवाळीला घरी होतीस, आठवतं का?" मग थोडे थांबून म्हणाला, "आई गेली त्या रात्री तू कुठं होतीस?"

१९९९ चे लक्ष्मीपूजन. मी प्रसूती कक्षात रात्रपाळीवर होते. घरी फोन नव्हता. निरोप पोचला तो सकाळी. त्या रात्री माझ्या हातून तीन बाळंतपणे झाली होती, तिन्ही सुखरूप. आईला अग्नी द्यायला सगळे माझ्यासाठी थांबले होते.

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. कर्तव्य, सेवा, त्याग हे शब्द निरोपसमारंभात शोभतात; भावाच्या ओटीवर बसून ते उच्चारण्याचा धीर होत नाही. ओढ्याच्या काठावरची काकू मी विसरले नव्हते, आणि आईच्या उशाशी मी नव्हते. दोन्ही खरे आहे आणि एकाने दुसरे फिटत नाही. मी त्याला एवढेच म्हटले, "तू म्हणतोस ते खरं. तिलाही हे सांग. सगळं सांग, आणि मग तिला ठरवू दे."

उठता उठता मी त्याला चष्म्याची गोष्ट सांगितली. १९७८ साली तो चार वर्षांचा होता. त्याला काही ठाऊक नव्हते. रफाराचे ऐकून तो हसला नाही. नुसता म्हणाला, "बाबा बोलले नाहीत कधी."

दुसऱ्या दिवशी भाची नि मी शहापूरच्या बाजारपेठेतल्या संगणक केंद्रात गेलो. पिशवीतले कागद एकेक करून चढले. मग पडद्यावर चौकोन आला : ओटीपी टाका. भाचीने माझ्याकडे बघितले. मी भावाला फोन लावून तिच्या हातात दिला. तो तेव्हा वर्गावर असणार. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

ती म्हणाली, "बाबा, आकडा आला का?"

पलीकडे बराच वेळ नुसता गलका. मग तो थांबला. मास्तरांनी मुलांना गप्प केले असावे. आणि भावाने आकडा सांगायला सुरुवात केली. शुद्धलेखन घालतात तसा, एकेक अंक दोनदा, सावकाश. इतका सावकाश की सहावा अंक येईपर्यंत मुदत संपली नि पडद्यावर लाल अक्षरे उमटली. भाची रडवेली झाली. पुन्हा ओटीपी मागवला. भावाने पुन्हा सांगितला; या खेपेस भरभर.

भाचीला दुसऱ्या फेरीत प्रवेश मिळाला. परवाच ती वसतिगृहातून दिवाळीला घरी आली. काल भावजय चकल्या तळत होती, भाची माझ्या मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजायचा सराव करत होती, आणि भाऊ पेपर वाचत बसला होता. मधेच पेपर खाली न करता त्याने विचारले, "ताई, यांना रात्रपाळी कोणत्या वर्षापासून असते गं?"

मी म्हटले, "का रे?"

"काही नाही," तो म्हणाला, "फोन चार्ज करून उशाशी ठेवायला हवा, म्हणून विचारलं."