विंचवाचं बिऱ्हाड

मळवली स्टेशनातून भाज्याकडे निघालं की वाटेवरच आमचं घर. पडवीत चार टेबलं टाकून मी पिठलं-भाकरी, अंडाकरी करून देते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पहिल्या लोकलपासून सॅकवाल्यांची रीघ लागते. कुणी लेण्यांकडे, कुणी विसापुरावर, बहुतेक लोहगडला. ‘आलं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,’ असं मी म्हणायचे. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत. त्यातून मंडळी लोहगडाच्या विंचूकाटा माचीकडेच निघालेली, त्यामुळे शेजारणी खूश.

घरी गाडी असलेली पोरं हौसेने ओझी वाहतात, हे माझं पक्कं मत. न जेवता नुसती सॅक ठेवायची असेल तर मी नगाला दहा रुपये घ्यायचे. एका जुलैत तीन मुली आल्या, नखशिखान्त भिजलेल्या. जेवायचं नव्हतं, कपडे बदलायला आडोसा हवा होता. ‘स्टेशनात बघा,’ म्हणून मी त्यांना वाटेला लावलं आणि पडवीत सांडलेलं पाणी पुसताना वर पुटपुटतही राहिले.

गेल्या फेब्रुवारीत भाची म्हणाली, “मावशी, बेंगळुरूला चल. ट्रॅव्हल्सच्या बसने नाही, माझ्याबरोबर, सॅक घेऊन.” नाही म्हणता म्हणता हो म्हटलं. तिच्या जुन्या सॅकमध्ये मी थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, जादा साडी असं सगळं कोंबलं. तीही काही बोलली नाही, कोंबू दिलं. पुण्याला उद्यान एक्स्प्रेस धरली. सोलापूर, वाडी, गुंतकल करत दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरूला उतरलो. डॉर्मिटरीतले पलंग दुपारी बाराशिवाय मिळणार नव्हते.

“चालू या,” भाची म्हणाली.

त्या सकाळी मला कळलं की पाठीवर सॅक असली की माणूस दोघांची जागा अडवतो. बसमध्ये वळलं की कुणाला तरी धक्का. तिथे त्याला एक वाक्य आहे, ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, म्हणजे जरा सांभाळून घ्या. दिवसभरात ते मी शिकले, कारण सारखं म्हणावं लागत होतं. संडासला जायचं तरी सॅक धरायला दुसरं माणूस लागतं. खांदे दुखतात त्याचं काही नाही. पण पाणी कुठे, बसू का, ठेवू का, असं दर अर्ध्या तासाला अनोळखी माणसाला विचारायचं म्हणजे जिवावर येतं. मला तर फारच आलं. आयुष्यभर लोकांनी मला विचारलेलं, मी कुणाला नाही.

के. आर. मार्केटच्या फुलबाजारात शेवंतीचे, झेंडूचे ढीग आणि मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. मी नेमकी हमालांच्या आड आले. एका फुलवालीने बखोट धरून मला बाजूला ओढलं. आता शिव्या बसणार, असं वाटलं. ती म्हणाली, “इल्ली इडी.” इथे ठेव म्हणतेय, असं भाचीने सांगेपर्यंत तिने माझी सॅक उतरवून पोत्यांमागे लोटलीसुद्धा होती. आम्ही इडली खाल्ली, चिकपेटच्या गल्ल्या हिंडलो. दोन तासांनी परतलो तर ती माझ्या सॅकला टेकून गजरे ओवत होती. मी दहाची नोट पुढे केली. तिने माझी मूठ मिटवली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

पुढचे तीन दिवस खूप पाहिलं. लालबागेतला तीनशे कोटी वर्षांचा खडक पाहिला. मल्लेश्वरममध्ये काडू मल्लेश्वराचं देऊळ आहे. त्या देवाला व्यंकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा १६६९चा शिलालेख आहे. त्यांच्या वडिलांची, शहाजीराजांची जहागीर इकडे पुण्याला तशी तिकडे बेंगळुरूलाही होती, हे शाळेत घोकलेलं. एवढा प्रवास करून तिथे उभी राहिले तेव्हा ते अंतर केवढं, ते कळलं. गवीपुरमला गंगाधरेश्वराचं देऊळ गुहेत आहे. तिथे मी ऐटीत म्हटलं, “आमच्या भाज्याला बावीस लेणी आहेत.”

“तू शेवटची कधी गेलीस?” भाचीने विचारलं.

लग्न झालं त्या वर्षी. लोहगडावर तर त्याच्याही आधी, शाळेच्या सहलीला. २०२५मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेला तेव्हा मी गावात पेढे वाटले होते, वर गेले नव्हते. ज्यांना मी विंचू म्हणत होते ते दर पावसाळ्यात जाऊन येत होते.

परतल्यावर पहिल्या सोमवारी खानावळ बंद ठेवून भाज्याच्या पायऱ्या चढले. तिथले चौदा स्तूप एकेक करून मोजले.

विसापुरावर बाटल्या फोडणाऱ्यांना मी अजूनही उभं करत नाही, त्यात बदल नाही. बाकीच्यांसाठी पडवीत लांब फळी ठोकून घेतली आहे. मागच्या न्हाणीला आतून कडी बसवली आहे. सॅक ठेवा, ओले कपडे बदला. जेवलंच पाहिजे असं नाही. दहा रुपये घेत नाही.