रहाटणीच्या शिवारातली गोधडी

पिंपरीहून काळेवाडीमार्गे रहाटणीला उतरले की समोर दिसतात त्या उंच इमारती, दवाखान्यांच्या पाट्या आणि मोटारींची रांग. इथे कधीकाळी शेते होती, हे नव्या माणसाला सांगूनही पटणार नाही. मला ते पटले गेल्या हिवाळ्यात, आमच्या आत्याच्या घरी, फरशीवर पसरलेली एक गोधडी पाहून.

आत्या रहाटणीत आली १९७३ साली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली कितीतरी माणसे गाव सोडून शहराकडे निघाली, त्यात हे जोडपेही होते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली होती आणि त्यानंतर चिंचवड-आकुर्डीच्या माळावर एकामागून एक कारखाने उभे राहत होते. आत्याच्या यजमानांना, म्हणजे आमच्या मामांना, त्यातल्याच एका कारखान्यात काम लागले. भाडे परवडते म्हणून रहाटणीत खोली घेतली.

"तवा हे गाव होतं गं पोरी," आत्या सांगते. "दारात उभं राहिलं की नदीपतूर नुसतं शिवार. ज्वारी, भाजीपाला, मधी बांध. मामा सायकलवर बांधाबांधानं जायचे आन् मी बघत उभी राहायची."

ते शिवार गेले. मामाही सहा वर्षांपूर्वी गेले. गेल्या हिवाळ्यात आत्याने दोघांनाही गोधडीत बसवले.

आपण गोधडी म्हणतो, आत्याच्या गावाकडे तिला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्याचे अस्तर, मध्ये जुन्या कपड्यांचे थर, वर मिळतील ती ठिगळे आणि सगळ्यावरून धावदोरा, अशी ती साधी वस्तू. पण आत्याची ही गोधडी मिळतील त्या ठिगळांची नव्हती. आठवडाभर तिने तुकडे नुसते मांडले आणि मोडले. मांडून झाले की ती खाटेवर चढून वरून पाहायची. "पूर्वी मी समोरच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर कामाला जायची. तिथनं खाली बघितलं की उरलीसुरली रिकामी रानं ठिगळासारखी दिसायची. तवाच मनात आलं होतं," ती म्हणाली.

गोधडीच्या डाव्या अंगाला तपकिरी पट्ट्या, म्हणजे नांगरलेले रान. त्यांच्यामध्ये तिच्याच हिरव्या लुगड्याच्या अरुंद पट्ट्या. वरून खाली वळत जाणारा निळा पट्टा ही पवना. तो मुलीच्या शाळेच्या स्कर्टचा. उजवीकडे करड्या आणि पांढुरक्या उभ्या चौकटी या नव्या इमारती. त्या जावयाच्या जुन्या शर्टांच्या. एका कोपऱ्यात शुभ्र पांढरा चौकोन. दर २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात जाताना आत्या जे पातळ नेसायची, त्याचा तो तुकडा. १९५४ साली त्याच तारखेला बाबासाहेबांच्या हस्ते तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली.

आणि अगदी मधोमध मामांचा कारखान्यातला निळा गणवेश. त्यावरचा तेलाचा डाग कितीही धुतला तरी निघाला नव्हता, तो तसाच ठेवलेला. शर्टाचा खिसाही उसवलेला नव्हता. मी त्यात बोट घातले. आत्या म्हणाली, "त्यात पास असायचा."

नको म्हटलेले गाठोडे

ही गोधडी पाहून शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी आत्याला काम देऊ केले. हाताने शिवलेल्या गोधड्यांना आता मागणी आहे. त्यांनी एक मोठे गाठोडे पाठवले. लोकांनी टाकून दिलेले, ओळखपाळख नसलेले कपडे. आत्याने ते उघडलेही नाही.

मला वाटले, म्हातारपणाचा हट्ट. मी म्हटले, "आत्या, कापड ते कापड. पैसे मिळतायत." तेव्हा तिने सांगितले ते मी विसरणार नाही. तिच्या आईने धम्म स्वीकारल्यावर घरात एक नियम केला होता. वाकळ शिवायची ती आपल्या अंगावरच्या, आपल्या कष्टाच्या कपड्यांची. दुसऱ्याने उतरून दिलेल्या कापडाचा एक तुकडाही त्यात येता कामा नये.

या नियमामागे काय आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मनुस्मृतीने चांडाळांना मेलेल्यांची वस्त्रे नेमून दिली होती. आपल्या आज्या-पणज्यांना मिळाले ते उतरलेले आणि प्रेतावरचे कापड. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांनाही उपदेश केला, की स्वच्छ राहा आणि लुगडे नेसण्याची जुनी, जात ओळखू येणारी पद्धत टाका. आत्याच्या आईचा नियम त्या वाटेवरचाच.

मग गोधडी ही चिंध्यांची वस्तू, तिचा अभिमान का बाळगावा? हा प्रश्न घेऊन मी घरी आले आणि त्याचे उत्तर मला विनयपिटकात मिळाले.

मगधाची शेते

महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जात असताना त्यांना मगधाची भातशेते दिसली. पट्ट्यापट्ट्यांची, बांधांनी आखलेली, बांध एकमेकांना छेदून गेलेले. त्यांनी आनंदाला विचारले, भिक्षूंसाठी असे चीवर करता येईल का? आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर तयार केले आणि भगवंतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. आजही भिक्षूंच्या चीवरात ते बांध शिवणीच्या रूपाने दिसतात. पुढच्या वेळी विहारात गेलात की जरूर पाहा.

सुरुवातीला भिक्षू वापरत ते पांसुकूल, म्हणजे स्मशानातून, उकिरड्यावरून वेचलेले कापड. कापड तेच. पण कोणी लादले तर तो अपमान. आणि स्वतः निवडले, धुतले, विचार करून जोडले, तर त्याला मान मिळतो. चुल्लवग्गात आनंद राजा उदयनाला सांगतो, की जीर्ण चीवरांची आम्ही पांघरुणे करतो, पांघरुणे विरली की जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, आणि शेवटी चिंध्या मातीत मळून जमीन लिंपतो. आपल्या घरातल्या बायांनी याहून वेगळे काय केले?

अमेरिकेतही असे एक गाव आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर वसलेले जीज बेंड. गुलामांच्या वंशजांचे हे गाव. तिथल्या काळ्या स्त्रिया शेतात काम करताना विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या करत. मिझुरी पेटवे या बाईने १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. याच गोधड्यांचे प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडले गेले आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर त्या छापल्या गेल्या. मी हे सांगितले तेव्हा आत्याने एवढेच विचारले, "नाव लिहिलं का बाईचं?" लिहिले आहे, म्हटल्यावर तिने मान डोलावली.

सात पाळ्या

आत्याने काम सोडले नाही, अट घातली. ज्यांना गोधडी हवी त्यांनी आपल्याच घरचे कपडे आणावेत, धुऊन आणावेत, आणि कोणता कपडा कोणाचा ते बसून सांगावे. मग ती तुकडे मांडते. "त्यांच्या आठवणी त्यांनी पांघराव्या. मी शिवायची मजुरी घेते, उपकार घेत नाही," ती म्हणते.

मजुरीचा हिशेबही तिचाच. रोज तीन तास असे अठरा दिवस, त्याची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर. चोपन्न तास म्हणजे आठ तासांच्या जवळजवळ सात पाळ्या. तेवढी मजुरी, वर सुई-दोऱ्याचा खर्च. लांबी-रुंदीवर ती भाव करत नाही, कारण बारीक टाक्याला वेळ लागतो. गोधडीच्या कोपऱ्यात ती लाल दोऱ्याने आपले नाव आणि 'रहाटणी' एवढे दोन शब्द काढते.

भगिनींनो, करून पाहायचे असेल तर कापड आधी धुऊन घ्या, म्हणजे नंतर आटून गोधडीला चुण्या पडत नाहीत. गणवेशाचे जाड कापड एकावर एक घेऊ नका, सुई मोडते. थर सपाट पसरून कोपऱ्यांवर वरवंट्यासारखे वजन ठेवा, लांब कच्चे टाके घाला आणि मग धावदोरा कडेपासून आत नेत मध्यावर संपवा. पण त्याआधी तुकडे मांडा आणि खाटेवर चढून एकदा वरून पाहा. आपले गाव, आपला रस्ता, आपली माणसे त्यात कुठे बसतात ते दिसेल.

निघताना आत्याने मामांची गोधडी घडी करून कपाटात ठेवली. मी विचारले, "विकणार नाहीस ना?"

"ही नाही," ती म्हणाली. "ही थंडीत पांघरायची."