हात लावला, एवढ्यावर समाधान मानायचं का?

‘सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?’ असा छापील प्रश्न आमच्या आत्यापुढे ठेवला गेला, तेव्हा तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. टेबलापलीकडच्या मुलीने विचारलं, ‘‘मावशी, काय लिहू?’’ आत्या म्हणाली, ‘‘समाधानी लिही गं बाई. लई समाधानी लिही.’’ मुलीने ‘अतिशय समाधानी’पुढे खूण केली. खाली नातेवाईक म्हणून सही आम्ही केली. आज हा लेख लिहायचं कारण ती सही आहे.

आत्या मुळशी खोऱ्यातली. आयुष्यभर दुसऱ्याच्या खाचरात भाताची लावणी केली. गेल्या वर्षी ऐन लावणीच्या तोंडावर तिला लकवा मारला, उजवी बाजू गेली. जीव वाचला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, आता औषधापेक्षा व्यायाम महत्त्वाचा, फिजिओथेरपीला रोज आणा. खरंच आहे ते. लकव्यानंतर गेलेली ताकद परत येते ती बहुतांशी पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. ते दिवस हातचे गेले की पुढे सुधारणा होते, पण फार हळू.

रोज आणा! घरापासून रस्त्यापर्यंत पाठुंगळी, तिथून पौडपर्यंत वडापची जीप, पुढे बस. एक माणूस कायम सोबत, म्हणजे त्याची मजुरी बुडाली. पहिल्या महिन्यात आम्ही तिला सहा वेळा नेऊ शकलो, दुसऱ्या महिन्यात चार वेळा. शेवटच्या खेपेला तो समाधानाचा कागद आला.

परतताना आम्ही विचारलं, ‘‘आत्या, हात तर वर जात नाही, मग ‘लई समाधानी’ कसं काय?’’ ती म्हणाली, ‘‘अरं, त्या पोरीनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला. घाण नाही मानली. आजून काय पायजे?’’

या उत्तराने आम्ही गप्प झालो. लहानपणी जिच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं गेलं, त्या बाईचं हे उत्तर आहे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. त्याचं पत्र १९२९ साली ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं. बाळंत बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता, म्हणून तिला वस्तीबाहेर आणावं लागलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि ते त्याच वाटेने परत गेलं. ती बाई वाचली नाही. औषधाचं ज्ञान होतं, डॉक्टर होता, थर्मामीटर होतं. फक्त हात लावायचा नव्हता.

फिजिओथेरपी हा तर हाताचाच उपचार. लांबून थर्मामीटर देऊन तो होत नाही. म्हणून आत्याला जे वाटलं ते खोटं नाही, आणि त्या तरुण मुलीबद्दल आमच्या मनात आदरच आहे. एकामागून एक पेशंट, बसायला उसंत नाही, तरी ती गोड बोलत होती. आमचं भांडण तिच्याशी नाही. आमचं भांडण त्या कागदाशी आहे.

समाधान हे उपचाराचं माप नाही, अपेक्षेचं माप आहे. ज्याची अपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या छाटली गेली, तो थोडक्यात समाधानी होतो. फिजिओथेरपीवरचे अभ्यास सांगतात की रुग्णाचं समाधान तो किती बरा झाला यापेक्षा थेरपिस्ट त्याच्याशी कसा वागला, कसा बोलला यावर जास्त ठरतं. चांगलं वागणं हवंच. पण माणसासारखं वागवणं ही सुरुवातीची अट आहे. तिलाच निकाल मानून शंभरपैकी शंभर गुण देणं म्हणजे अस्पृश्यता पाळली नाही म्हणून बक्षीस देणं. घटनेच्या १७ व्या कलमाने ती १९५० सालीच गुन्हा ठरवली. गुन्हा केला नाही म्हणून कुणाचे आभार मानायचे?

दुसरी गोष्ट. तो कागद कुणाला मिळतो? जो दारापर्यंत पोचतो त्याला. ज्याने दोन खेपांनंतर भाड्यापायी येणं सोडलं, त्याला कुणी विचारत नाही. उपचार अर्धवट सोडून घरी पडलेली माणसं मोजायचीच नाहीत आणि उरलेल्यांना ‘समाधानी आहात का’ विचारायचं, तर उत्तर चांगलंच येणार.

तिसरी गोष्ट. आत्याला मिळालेल्या व्यायामाच्या कागदावर खुर्चीत बसून करायचे प्रकार होते. तिच्या घरात खुर्ची नाही. तिला उकिडवं बसता यायला हवं, चुलीपुढून उठता यायला हवं, चिखलात वाकता यायला हवं. ‘मावशी, तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न एकदाही आला नाही, आणि आम्हीही तो विचारायला लावला नाही. मोर्चात घोषणा देणारे आम्ही तिथे हात जोडून उभे होतो.

मुळशीचं हे नेहमीचंच आहे. १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला, तरी टाटांचं धरण झालं. खोरं बुडालं, पाणी भिऱ्याला उतरलं आणि वीज मुंबईला गेली. आज त्याच तळ्याकाठी रिसॉर्टांत शहरी पाहुण्यांच्या थकलेल्या अंगाला गरम तेलाने मालिश होते. याच तालुक्यात हिंजवडी आहे, पिरंगुटचे कारखाने आहेत. आणि लावणी करणारीचं अर्धं अंग मात्र घरात पडून आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्यविम्याचा पाया त्याच काळात घातला गेला आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्यात उपचार तर आहेतच, शिवाय आजारपणात बुडालेल्या पगाराचा मोठा भाग रोख मिळतो. आजारी मजुराला गोळी पुरत नाही, घरी चूलही पेटावी लागते, हे त्या कायद्याला कळलेलं आहे. शेतमजूर बाई मात्र आजही त्याच्या बाहेर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २५ वं कलम राहत्या ठिकाणाजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या अटीवर मोफत आरोग्यसेवा द्यायला सांगतं. जवळ म्हणजे किती जवळ, हे मुळशीच्या पलीकडच्या टोकाला उभं राहून ठरवलं पाहिजे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात यावा. घरच्या एका माणसाला व्यायाम नीट शिकवावा, मराठीत, घरात जे आहे त्यावर. सोबत येणाऱ्याचं भाडं आणि मजुरी उपचाराचाच खर्च धरावी. आणि कागदावर वेगळे प्रश्न छापावेत: किती खेपा सांगितल्या, किती जमल्या, का जमल्या नाहीत? तुमचं काम तुम्हाला परत करता येतं का?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. हगवणीने मळात पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतलं. शुश्रूषा करणाऱ्याने घाण मानू नये, हे आपण नेहमी सांगतो. पण तिथेच रुग्णालाही एक गोष्ट सांगितली आहे: आजार जसा असेल तसा सांगावा, वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, तसाच असेल तर तसाच. संकोचाने खोटं समाधान सांगणं हा धम्म नाही.

परवा आत्याला पुन्हा विचारलं, ‘‘तो कागद परत आला तर काय लिहशील?’’ ती डाव्या हाताने उजवा हात उचलून जिथपर्यंत गेला तिथपर्यंत नेत म्हणाली, ‘‘पोरगी चांगली हाय, असं लिहा. आन्‌ हात हितवरच येतो, असंबी लिहा.’’

या वेळी त्याखाली सही करायला आम्हाला लाज वाटणार नाही.

जय भीम!